चार डब्यांचा किलो

मित्रांनो, मी दुधाचा एक जुना डबा आहे. माझ्यातले घट्ट गोड दूध कॉफीत केव्हाच संपले. मग होअन आजीच्या नवऱ्याने माझी धारदार कड कानशीने घासून गुळगुळीत केली आणि मला तांदळाच्या रांजणात ठेवले. इकडे कंबोडियात, तोनले साप सरोवराच्या काठी तांदूळ डब्यानेच मोजतात. दोन माणसांना एक डबा, पाहुणा आला तर दीड. एकतीस वर्षे मी हे काम केले. "बाजारातला काटा खोटं बोलेल, माझा डबा नाही बोलायचा," असे आजी शेजारणींना सांगायची, तेव्हा मला मोठा अभिमान वाटायचा.

तोच आता मला टोचतो.

एका वर्षी ऐन मासळीच्या हंगामात आजी खांबांवरच्या घराच्या शिडीवरून पडली आणि तिचे मनगट मोडले. त्यामुळे प्रहोक घालायचे काम, म्हणजे मासळी मीठ लावून रांजणात मुरवायचे, पहिल्यांदाच सून थावीवर आले. आमच्याकडे शेत नाही. भातवाले बैलगाड्या घेऊन येतात, प्रहोक नेतात आणि तांदूळ देतात. त्यावर घर वर्षभर जेवते.

"आई, मीठ किती आणू?" थावीने विचारले.

"चाळीस डबे. दरवर्षी तेवढंच लागतं."

"पण डब्याने मीठ देणारी होडी आता येत नाही. दुकानात किलोवर मिळतं. किलो किती होतील?"

"अगं, चार डब्यांचा किलो! शेंबडं पोरही सांगेल. इतकी वर्षं तांदूळ काय डोळे मिटून मोजतेस?"

थावीने दहा किलो मीठ आणले आणि सगळे मासळीला चोळले. मी तांदळावर पडून होतो. चार डब्यांचा किलो होतो तो तांदळाचा. मीठ भरले की मी किती जड व्हायचो, हे मला ठाऊक होते. पण डब्याला तोंड असले तरी वाचा नसते.

तीन आठवड्यांनी रांजण उघडला आणि घरभर दुर्गंधी सुटली. मासळीत अळ्या वळवळत होत्या.

"मीठ कुठे गेलं?" आजी कडाडली. "माहेरी पोचवलंस की काय?"

थावी रडली नाही. तिने दुकानातून काटा मागून आणला. माझ्या मापाने चार डबे तांदूळ ओतले, बरोबर किलो भरला. मग मीठ ओतले. तिसऱ्याच डब्याला काटा किलोच्या पुढे गेला.

"आई, चाळीस डब्यांचे चौदा किलो होतात. मी दहाच घातले. तुम्ही सांगितले तेवढे."

आजी काट्याकडे बघत राहिली. "पुन्हा मोज," ती म्हणाली. थावीने पुन्हा मोजले. तेच आले.

गाड्या आल्या, तेव्हा एक गाडीवान नाक दाबून हसला. "सूनबाईंच्या हातचा प्रहोक वाटतं! वेशीवरूनच कळलं."

आजी मोडका हात गळ्यात अडकवून शिडीपर्यंत आली. "तिच्या हाताला नावं ठेवू नकोस. माप मी चुकीचं सांगितलं."

गाड्या आमच्या दारात तांदूळ न उतरवताच गेल्या. त्या वर्षी मी कधी अर्धाच भरला जायचो. "मला भूक नाही," असे आजी रोज संध्याकाळी म्हणायची, आणि थावी तिच्यापुढे ताट सरकवायची.

मित्रांनो, आता मला गंज चढला आहे. त्याचे वाईट वाटत नाही. मला हातात घ्याल, तेव्हा आत काय भरले आहे ते आधी बघा. माझे पोट तेवढेच, पण त्यात तांदूळ वेगळा भरतो आणि मीठ वेगळे. आणि कुणाला चोर म्हणण्याआधी एकदा मोजून बघा.