टॉलिव्हरांच्या ओसरीवरचा झोपाळा

मी एक जुना झोपाळा आहे, मित्रांनो, आणि अजून टांगलेला आहे. माझ्याविषयी अभिमानानं सांगण्यासारखं आता एवढंच उरलं आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात, टेकडीच्या उतारावर वसलेल्या एका गावात, लाकडी घराच्या ओसरीवर मी असतो. घराला कुलूप आहे. वारा आला की मी थोडा हलतो. पण वाऱ्यानं हलणं आणि माणसानं हलवणं यांत फार फरक असतो.

मला एझेल टॉलिव्हर नावाच्या माणसानं घडवलं. तो लोखंडी नळ ओतण्याच्या कारखान्यात भट्टीपाशी काम करायचा. गावातल्या चर्चची जुनी लाकडी जमीन उखडली तेव्हा त्यानं ओकच्या फळ्या मागून आणल्या, रंधा मारून गुळगुळीत केल्या आणि नव्या नवरीसाठी मला बनवलं. तिचं नाव व्हर्नेल. ती पहिल्यांदा माझ्यावर बसली आणि म्हणाली, "टॉलिव्हरसाहेब, हा झोपाळा आहे की चर्चचा बाक? पाठ अगदी ताठ!" एझेल रागावला नाही. त्यानं मला उतरवलं, पाठीच्या फळ्या पुन्हा तासल्या आणि थोड्या कलत्या बसवल्या. तेव्हापासून माझ्यावर बसलेला माणूस सहजी उठत नसे.

एझेलच्या आयुष्यात दोनच वेडं होती. एक व्हर्नेल आणि दुसरं फुटबॉल. आमच्याकडचा फुटबॉल म्हणजे अंड्यासारखा चेंडू पोटाशी धरून पळायचं आणि समोरच्यानं अंगावर झेप घेऊन पाडायचं. गुडघा निकामी होईपर्यंत एझेल आपल्या कॉलेजकडून खेळला होता. ते काळ्या मुलांचं छोटंसं कॉलेज होतं. त्या काळी आमच्या भागातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत काळ्या मुलांना वर्गात बसायला जागा नव्हती, तर मैदानात कुठून असणार?

शरद ऋतू लागला की दर शनिवारी आमच्या ओसरीवर वाद रंगायचा. शेजारचा होझिया बॅटल उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन यायचा आणि पायरीवर बसायचा. तरुणपणी तो इंडियानातल्या पोलाद कारखान्यात राबून आला होता, त्यामुळे तिकडच्याच नोटर डेम विद्यापीठाच्या संघावर त्याचा जीव. व्हर्नेल गार गोड चहाचे पेले आणून ठेवायची. मग विषय निघायचा: आजवरच्या इतिहासात सगळ्यांत बलवान कॉलेज कुठलं आणि सगळ्यांत बलवान कॉन्फरन्स कुठली? कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांचा गट. दक्षिणेतल्या बड्यांची एसईसी, उत्तरेतल्यांची बिग टेन.

"नोटर डेम कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही," होझिया शेंग फोडत म्हणायचा. "सिंह कळपात राहत नसतो."

"कळपानं घेतला नसेल," एझेल म्हणायचा.

"लेका, अख्खा देश त्यांचे सामने ऐकतो!"

"ऐकू दे की. इतिहासच काढायचा तर येल आणि प्रिन्स्टन सगळ्यांच्या वर. विजेतेपदांचा ढीग आहे त्यांच्याकडे."

"ते काय विजेतेपद? तेव्हा खेळायला होतं कोण? दोन-चार कॉलेजं आणि एक गाय!"

"मग आकड्यांना काय अर्थ राहिला, होझिया? कोण कुणाशी खेळलं ते आधी बघायला नको?"

हे बोलताना एझेल पायानं जमिनीला रेटा द्यायचा आणि माझ्या साखळ्या करकरायच्या. मला ते फार आवडायचं. दोघं मिशिगनवरून भांडत, नेब्रास्कावरून भांडत, ओक्लाहोमाला एकदम उचलून धरत आणि लगेच खाली आपटत. कुणीच जिंकायचं नाही. शेंगा संपल्या की होझिया उठायचा, "पुढच्या शनिवारी तुझं तोंड बंद करतो," म्हणायचा, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा पिशवी घेऊन हजर.

एझेल-व्हर्नेलला मुलगा झाला, रोलँड. तो माझ्यावर झोपला, माझ्यावर पाढे शिकला आणि बापाच्या बाजूला बसून वाद घालायलाही शिकला. बापाचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा असायचा. मुलानं आपला मुद्दा खोडला की एझेल होझियाकडे असा बघायचा, जणू काही पोरानं चेंडू थेट शेवटच्या रेषेपार नेला.

काळ बदलला. मोठ्या विद्यापीठांचे दरवाजे उघडले. रोलँड अलाबामाच्या विद्यापीठात शिकायला गेला, आणि नोव्हेंबरातल्या एका शनिवारी तिथल्या संघाची गडद लाल टोपी घालून घरी आला. माझ्यावर बापाच्या उजव्या हाताला बसला. होझिया पायरीवर होताच.

"डॅडी, आता वाद संपला," रोलँड म्हणाला. "एसईसीच्या तोडीचं देशात कुणी नाही. अलाबामा बघा, जॉर्जिया बघा, टेनेसी बघा. आणि आता आपलीच पोरं खेळतात तिथं."

"आता खेळतात," एझेल म्हणाला. "पण तू इतिहास म्हणतोस ना? मग आपल्या काळ्या पोरांच्या कॉलेजांची नावं घे. ग्रँबलिंगचं घे. फ्लोरिडा ए अँड एमचं घे. तिथली पोरं व्यावसायिक संघांत जाऊन भल्याभल्यांना लोळवतात. आमच्या कॉलेजचाही एक काळ होता. तुझ्या त्या यादीत आम्ही कुठं आहोत?"

रोलँड हसला. वाईट हेतू नव्हता त्याचा, मित्रांनो. वसतिगृहातली मुलं हसतात तसा तो हसला.

"पण डॅडी, तुम्ही हरवलंत कुणाला? एकमेकांनाच ना? तुम्हीच तर म्हणता, कोण कुणाशी खेळलं ते आधी बघायचं."

होझियाच्या हातातली शेंग तशीच राहिली. एझेल उठला. इतक्या झटक्यानं उठला की मी मागं जाऊन भिंतीवर आपटलो. जाळीचं दार लावून तो आत गेला आणि रोलँड माझ्यावर एकटा हलत राहिला.

"जा रे, आत जा. बोल त्याच्याशी," होझिया हळू आवाजात म्हणाला.

"होतील शांत. मी काय खोटं बोललो?"

"खरं-खोट्याचं कोण विचारतंय तुला?"

पण रोलँड आत गेला नाही.

त्या दिवसानंतर बापलेकांत भांडण झालं असं कुणी म्हणालं नसतं. बोलणं होतं. रोलँडला ओहायोतल्या कोलंबस शहरात मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी लागली, त्याचं लग्न झालं. रविवारी फोन यायचा. एझेलचे शब्द खिडकीतून माझ्यापर्यंत पोचायचे. "हो, पाऊस आहे. गाडी ठीक आहे. तुझ्याकडे थंडी असेल. थांब, आईला देतो." एवढंच. फुटबॉलचा शब्द कधी निघाला नाही. ज्या दोघांना त्याच्याशिवाय दुसरं बोलताच येत नव्हतं, त्यांनी नेमकं तेच टाकून दिलं होतं.

एकदा व्हर्नेल माझ्यावर बसून शेंगा सोलताना म्हणाली, "टॉलिव्हरसाहेब, पोरगं एक वाक्य बोललं. तुम्ही ते जन्मभर चघळणार का?"

"मी कुठं काय म्हणतोय?"

"तेच तर. काही म्हणतच नाही तुम्ही."

व्हर्नेल वारली तेव्हा रोलँड आला होता. ओसरी माणसांनी भरली होती. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दुःखाच्या घरी लोक कोंबडी, मक्याची भाकरी, केक घेऊन येत होते. रोलँडनं आतून खुर्ची आणली आणि तो खुर्चीवर बसला. माझी उजवी बाजू मोकळी होती, तरीही. माझ्यावर अनेकांनी चाकूनं नावं कोरली, मला उन्हानं तडे गेले, पण त्या दिवसाइतकं मला कधी लागलं नाही.

मग होझियाही मोबिल शहरात लेकीकडे राहायला गेला. जाताना एझेलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नोटर डेम." एझेल म्हणाला, "कधीच नाही." बस्स, तेवढाच निरोप.

त्यानंतरचे शनिवार मी कसे सांगू? एझेल एकटा यायचा, रेडिओ खिडकीत ठेवायचा आणि माझ्या डाव्या कडेला बसायचा. मधोमध बसला असता तर मी सरळ राहिलो असतो. पण त्यानं उजवी बाजू कधी घेतली नाही. वर्षानुवर्षं एकाच बाजूला भार पडून मी तिरका झालो, डावीकडची कडी झिजली. रेडिओवरचा माणूस म्हणायचा, अमुक संघ इतिहासातला सर्वश्रेष्ठ. एझेल म्हणायचा, "चूक. साफ चूक." आणि थांबायचा. वाद म्हणजे थांबल्यावर पलीकडून कुणीतरी बोलावं लागतं. पलीकडून जाहिरात लागायची.

एका हिवाळ्यात तो पायरीवरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून परत आला तो काठी घेऊन. एकट्यानं राहता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. रोलँड त्याला कोलंबसला न्यायला आला. रोलँडचेही केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. खोकी गाडीत भरून झाल्यावर दुपारी एझेल म्हणाला, "जरा बसतो," आणि आपल्या जागी बसला. रोलँड खांबाला टेकून उभा राहिला. मग पुढं आला आणि बसला. माझ्यावर. उजव्या बाजूला.

माझ्या दोन्ही साखळ्या एकदम ताठ झाल्या. किती वर्षांनी मी सरळ झालो!

रोलँड म्हणाला, "डॅडी, आमच्या कारखान्यातही जेवणाच्या सुट्टीत हाच वाद असतो. ओहायो स्टेट की मिशिगन, बिग टेन की एसईसी."

एझेलनं काठी मांडीवर आडवी घेतली.

"मागं एकदा मी म्हटलं, तुमच्या यादीत माझ्या वडिलांचं कॉलेजच नाही. त्यांनी विचारलं, कुठलं? मी नाव सांगितलं. तर एकजण हसला. म्हणाला..." रोलँड माझी कड नखानं खरवडू लागला. "म्हणाला, त्यांनी कुणाला हरवलं होतं?"

एझेलनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "मग? तू काय म्हणालास?"

"काही नाही. डबा उचलला आणि उठून गेलो."

"चुकलास," एझेल म्हणाला. "उठून जायचं नसतं. मी गेलो होतो, म्हणून सांगतो. बसून राहायचं आणि सांगायचं."

"काय सांगायचं?"

एझेलनं काठी जमिनीवर टेकवली. "की आम्हाला दुसरं कुणी भेटलंच नाही. आम्ही तयार होतो रे. बूट बांधून, डोक्यावर टोप चढवून, दर शनिवारी तयार होतो. ते आलेच नाहीत."

रोलँडनं तोंडावर हात धरला. "डॅडी, मी त्या दिवशी..."

"ते राहू दे. ओहायो स्टेटचं काय म्हणत होतास?"

"म्हणजे... त्यांचा इतिहास एसईसीतल्या कुणालाही भारी आहे, असं तिकडचे म्हणतात."

"तिकडचे म्हणतात! आणि तू ऐकून घेतोस? हेच शिकवलं का तुला मी?" एझेलनं पाय जमिनीला लावला आणि रेटा दिला. खुब्यात कळ आली असणार, पण त्यानं दिला. मी हललो. दोघांच्या भारानं हललो.

ऊन उतरेपर्यंत ते भांडले. मग रोलँडनं त्याला हात देऊन उठवलं, पायऱ्या उतरवल्या, गाडीत बसवलं. गाडी सुरू झाली तरी खिडकीची काच खाली होती. वळणापर्यंत मला एझेलचा आवाज ऐकू येत होता. "मिशिगन? माझ्यासमोर मिशिगनचं नाव काढू नकोस! ते कुणाशी खेळले ते आधी सांग..."

गाडी वळली आणि आवाज संपला. ते पुढं काय बोलले, कोण जिंकलं, मला कळलं नाही. एझेल पुन्हा इकडे आलाही नाही.

मित्रांनो, माझ्या कड्यांना आता गंज चढला आहे. कुणी तेलाचं बोट लावलं तर बरं वाटेल, पण तेवढ्यासाठी मी हे सांगितलं नाही. तुमच्या घरी झोपाळा असेल, बाक असेल, साधी सतरंजी असेल, तर तिच्यावर आपल्या माणसाशेजारी बसा. कोण श्रेष्ठ, कुणाचा संघ भारी, यावरून खुशाल भांडा, घसा बसेपर्यंत भांडा. फक्त वाद अर्धा टाकून उठू नका. माणसं उठून जातात, मित्रांनो, आणि आमच्यासारख्यांना ती जागा राखत बसावं लागतं.