नऊ तारखेचा अंक

वर्तमानपत्राच्या कचेरीत जिन्याखाली एक लाकडी कपाट होतं. त्याला तीनशे सहासष्ट कप्पे. प्रत्येक कप्प्यात एका तारखेची कार्डं: कोण जन्मलं, कोण गेलं, कुठे लढाई थांबली, कुठल्या डॉक्टरने पहिल्यांदा कुणाचं हृदय उघडून पुन्हा शिवलं. रोज सकाळी दुसऱ्या दिवसाचा कप्पा उघडायचा, पाच गोष्टी निवडायच्या आणि ‘आजच्या दिवशी’ या सदरात द्यायच्या, हे काम करणाऱ्या बाईंना सगळं गाव तारीखताई म्हणे. खरं नाव त्यांच्या बँकेच्या पुस्तकात असेल तेवढंच.

कपाट उभं केलं होतं ताईंच्या आधी हे सदर लिहिणाऱ्या मास्तरांनी. मास्तर देवाघरी जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण कप्पा ओढण्याआधी ताईंचे हात आपोआप जुळत. एक नमस्कार देवाला, एक मास्तरांना. “साऱ्या जगाचा जमाखर्च तो वरचा ठेवतो,” मास्तर म्हणायचे, “आपण फक्त तारखा सांभाळायच्या. त्यात तरी त्याला आपली लाज वाटू नये.”

आता झालं असं, की महिन्याच्या चार तारखेला एक म्हातारी बाई जिन्यापाशी येऊन उभी राहिली. हातात कापडी पिशवी, पिशवीत पितळी डबा.

“तारखा लिहिणारी तूच का गं?”

“मीच. बसा, काकू.”

“बसायला नाही आले. तुझी नऊ तारीख खोटी आहे, एवढं सांगायला आले.”

नऊ तारीख म्हणजे पुराची तारीख. पस्तीस वर्षांपूर्वी वरचा बंधारा फुटला, खालची वस्ती वाहून गेली. पण त्याआधी बंधाऱ्यावरचा हाताने फिरवायचा भोंगा कुणीतरी पाऊण तास वाजवत राहिलं, म्हणून शेकडो माणसं टेकडीवर चढली आणि वाचली. दरवर्षी नऊला सदरात पहिली ओळ तीच असे. यंदा बंधारा खातं स्मारकाचा दगड बसवणार होतं.

“माझा नवरा बंधाऱ्यावर चौकीदार होता,” काकू म्हणाल्या. “भोंगा त्यानेच वाजवला. वाजवता वाजवता गेला. पण खातं म्हणतं, नऊला त्याची सुट्टी होती, पाळ्यांच्या तक्त्यावर बदली कामगार लिहिलाय, नाव नाही. म्हणून दगडावर काय घालतायत माहीत आहे? ‘अज्ञात बदली कामगार’. अगं, पाच पोरांचा बाप तो, अज्ञात कसा?”

“त्यांच्याकडे बाकीची कागदपत्रं...”

“कागद पुरात गेले. तक्त्याची एक नक्कल मोठ्या कचेरीत होती म्हणून वाचली. आणि तारीख कुठून घेतली विचारलं, तर तुझ्या कपाटातून.” त्यांनी डबा काढून टेबलावर ठेवला. कडेला खोल पोचा होता. “पूर आठला आला. त्या दिवशी तो डबा विसरला, दुपारी मी वर नेऊन दिला. तिसऱ्या दिवशी चिखलात सापडला तो डबाच. आता तूच सांग, सुट्टीच्या दिवशी डबा कोण भरतं?”

ताईंनी आठचा कप्पा आणि नऊचा कप्पा डोळ्यांसमोर आणला. “काकू, रागावू नका. पण मास्तरांची तारीख चुकत नाही. इतक्या वर्षांत माणसाचं मन...”

“सगळे हेच म्हणतात. छापलेलं वाचून वाचून गावालाही नऊच आठवतं. म्हातारीला दुःखाने भ्रम झालाय.” काकूंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “देवाला ठाऊक आहे गं कोण वाजवत होतं ते. त्याची मला काळजीच नाही. पण दगडाला ठाऊक नाही, आणि माझ्यामागे लोक दगडच वाचणार.”

डबा तिथेच ठेवून त्या निघून गेल्या. विसरल्या की मुद्दाम ठेवला, कोण जाणे. ताईंनी तो बाजूला सारला, पाच तारखेची कार्डं काढली, पुन्हा ठेवली. डबा आपला समोर, पोचा वर करून. शेवटी त्या उठल्या आणि जुन्या अंकांच्या खोलीत शिरल्या.

पुराची बातमी दहा तारखेच्या अंकात होती. ‘काल सायंकाळी बंधारा फुटून’ अशी सुरुवात. दहाच्या आदला दिवस नऊ. मास्तर बरोबर. ताईंनी सुस्कारा सोडला आणि फाईल मिटायला घेतली. पण पंचवीस वर्षं तारखांत वावरलेला डोळा तो. मिटता मिटता मथळ्याखालच्या अंक क्रमांकावर गेला. ३३१७. पान मागे उलटलं. आठ तारीख, ३३१६. मधली नऊ कुठे?

नऊ तारखेचा अंकच नव्हता.

खिळेकाका गावाच्या वरच्या अंगाला लेकीकडे राहत. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं; बोटं अजून काळसर. पाच तारखेला ताई दारात दिसल्या तसे ते खूश झाले.

“तारखे! मी मेलो की काय? कार्ड करायला आलीस?”

“काका, पुराच्या वेळी नऊ तारखेचा अंक का निघाला नाही?”

“कसा निघणार? रात्रभर बसून जुळवला आम्ही. पानं तयार, शाई तयार, आणि पहाटे तळघरात पाणी. यंत्र गुडघाभर बुडालं. दिवसभर उपसलं, पुसलं, तेल घातलं, तेव्हा कुठे दुसऱ्या रात्री फिरलं. मग वरच्या नऊचा दहा केला आणि दिला काढून.”

“आणि आतला मजकूर?”

“आतला कोण बघतो? घरात चिखल, पोटात...” काका एकदम थांबले. काळसर बोटं चष्म्याशी गेली. “आतलं ‘काल’ तसंच राहिलं की गं.”

म्हणजे ती बातमी लिहिली नऊच्या अंकासाठी, तिचं ‘काल’ म्हणजे आठ. अंक एक दिवस उशिरा निघाला आणि सगळा पूर एक दिवस पुढे सरकला. मास्तर तर पुरानंतर चार वर्षांनी नोकरीला लागले. त्यांनी छापलेलं पाहून कार्ड केलं.

“खिळे माझ्याच हातचे,” काका पुटपुटले. “दहाचा आकडा मीच बसवला. चौकीदाराची बायको आठ आठ म्हणत फिरायची, आम्ही मान हलवायचो.”

“काका, तुमच्या सांगण्यावर खातं विश्वास ठेवणार नाही. छापलेलं काही हवं.”

काकांनी डोळे मिटले. “बातम्या बघू नकोस. बातम्या घाईच्या. शेवटच्या पानावरच्या बारीक सूचना बघ. त्यांत लोक तारीख घालून देतात.”

ताई जवळजवळ धावतच परतल्या. दहा तारखेचा अंक, शेवटचं पान, तिसरा रकाना, तळाशी: ‘वाचनालयाची आज, नऊ तारखेस सकाळी होणारी वार्षिक सभा काल आलेल्या पुरामुळे रद्द करण्यात येत आहे.’

ताईंनी ती ओळ तीनदा वाचली. मग त्या खुर्चीत बसल्या. आनंद झाला होता, नाही असं नाही. पण त्या आनंदाच्या पोटात एक काटा होता. एकतीस वर्षं ही चूक याच कपाटातून दरसाल बाहेर पडली होती. त्यातली पंचवीस वर्षं त्यांच्या हाताने. एका बाईला वेडी ठरवायला कपाट पुरलं होतं.

संपादक वयाने ताईंपेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याचे वडील आधीचे संपादक. तो चड्डीत असताना याच कपाटाच्या कप्प्यांत गोट्या लपवायचा. त्याने सगळं ऐकलं, फाईल पाहिली आणि कपाळ चोळलं.

“ताई, कळलं. पण चार दिवसांवर कार्यक्रम आलाय. दगड कोरून झालाय, पाहुणे ठरलेत. पुढच्या वर्षी हळूच आठ करून टाकू. कुणाच्या लक्षातही येणार नाही.”

“कुणाच्या लक्षात येणार नाही, म्हणूनच तर करायचं नाही ते.”

“आणि ‘आजच्या दिवशी’त आपण कधी दुरुस्ती दिलेली नाही.”

“कधी चुकलोच नव्हतो ना! म्हणजे, आपल्याला वाटत होतं.”

“मास्तरांचं नाव खराब होईल. माझ्या बाबांच्या काळातला अंक आहे तो.”

“मास्तर आज असते तर मला कान धरून खात्यात घेऊन गेले असते. आणि तुझ्या बाबांनी गुडघाभर पाण्यातून यंत्र बाहेर काढलं, त्याची लाज कसली वाटते तुला? तेच लिहू की.”

“खातं ऐकणार नाही.”

“तू हो म्हण. खात्याचं मी बघते. नाहीतर उद्यापासून सदर तूच लिही. कप्पे तुला माहीतच आहेत, गोट्या कुठे ठेवायचास ते.”

संपादकाला हसू आवरेना, आणि हसलेला माणूस अर्धा हरलेलाच असतो. “घेऊन जा फाईल,” तो म्हणाला. “पण फाटली तर बघा.”

सहा तारखेला ताई फाईल छातीशी धरून खात्यात गेल्या. साहेब म्हणाले, उद्या या. ताई म्हणाल्या, बसते. बाकावर बसल्या, जेवणाची सुट्टी झाली, उठल्या नाहीत. मधल्या वेळात खिळेकाका लेकीचा हात धरून आले आणि शेजारी बसले. थोड्या वेळाने काकूही आल्या. तिघं एका बाकावर, मध्ये फाईल. चार वाजता साहेबांनी दार उघडलं, ओळ वाचली, तक्ता मागवला. आठ तारीख, दुपारपासून रात्रीपर्यंतची पाळी, चौकीदाराचं नाव ठसठशीत. साहेबांनी तक्ता मिटून ठेवला. मग काकूंकडे न बघता म्हणाले, “पण दगड तर झालाय हो.”

“दगड कुणाकडे आहे?” ताईंनी विचारलं.

पाथरवट चहा पीत होता. त्याने साहेबांची चिठ्ठी वाचली, दगडाकडे पाहिलं. “नावाचं जमेल. ‘अज्ञात बदली कामगार’ ही ओळ लांब आहे, घासून काढतो, तिच्या जागी नाव आरामात बसेल. पण नवाचा आठ कसा करू बाई? शाई आहे का ही? कोरलेलं भरून येत नाही. तेवढी जागा खोल उतरवावी लागेल. खड्डा दिसेल.”

“दिसू दे,” काकू म्हणाल्या.

पाथरवट दोन दिवस घासत होता. आठ तारखेच्या अंकात ताईंनी पाच गोष्टी दिल्याच नाहीत. एकच दिली: चौकीदाराचं नाव, त्याची पाळी, त्याचा पाऊण तास, आणि एकतीस वर्षं आम्ही ही तारीख चुकीची छापली त्याची कबुली. कार्यक्रमही एक दिवस अलीकडे आला. पाहुण्यांतले निम्मे पोचले नाहीत, पण टेकडीवर चढून वाचलेली माणसं पोचली. काकूंनी नावावरून हात फिरवला, मग तारखेच्या खोलगट जागेवर बोट ठेवलं.

“आंधळ्यालाही कळेल इथे काहीतरी बदललंय ते,” त्या म्हणाल्या. “बरं झालं. डबा दे आता माझा.”

ताईंनी पिशवीतून डबा काढून दिला.

कचेरीत परतल्यावर त्यांनी नऊचा कप्पा ओढला. हात जुळले: एक देवाला, एक मास्तरांना, आणि आज तिसरा चौकीदाराला. मास्तरांच्या अक्षरातलं कार्ड त्यांनी खोडलं नाही, तसंच उचलून आठच्या कप्प्यात ठेवलं. मग कोरं कार्ड घेतलं आणि दुसऱ्या दिवशीच्या सदराची पहिली ओळ लिहिली:

‘आजच्या दिवशी, पस्तीस वर्षांपूर्वी, आमचा अंक निघाला नाही. छापखान्यात पाणी होतं.’

शाई वाळेपर्यंत थांबून त्यांनी ते कार्ड नऊच्या कप्प्यात ठेवलं आणि कप्पा लावला.