सोनमची सहा उत्तरं

इअरफोनच्या एका बोंडाचं रबर कधीच पडलेलं, ते कानाला टोचायचं, आणि त्यांची बायको शिवांजली मुद्दाम तेच स्वतःकडे घेऊन चांगलं बोंड त्यांना द्यायची... नाथाजी सरांनी ते बोटांत फिरवलं आणि परत टेबलावर ठेवलं. पाचपर्यंत आराखडा द्यायचा होता. भूगोल यंदापासून अर्धा ऑनलाइन, अर्धा वर्गात – गुण कशाला द्यायचे ते त्यांनी ठरवायचं. पहिल्या सहा आठवड्यांचे गुणही आजच कायम होणार होते.

"वीस मार्कांचं क्विझ टाका आन् मोकळं व्हा," शेजारच्या टेबलावरून राजवर्धन सर म्हणाले. "तपासायला मशीन हाय की."

"आणि उत्तरं वाटायला पोरांचा ग्रुप हाय."

"लय खोलात जाताय तुमी."

झालेल्या सहा क्विझमध्ये सगळ्यांना अठरा, एकोणीस. आटपाडीकडच्या सोनमला मात्र सहाही वेळा शून्य. पोर्टलवर तिचं काहीच नव्हतं. फोनवर दर रविवारी तिचा आवाजी निरोप येऊन पडायचा – आणि तो त्यांनी उघडला नव्हता. मार्चपासून कुणाचाच नाही. मिरजेच्या दवाखान्यातून शिवांजलीनं पाठवलेला चौदा सेकंदांचा निरोप... ते तासावर होते, आणि पोहोचले तेव्हा उशीर झाला होता. तो ऐकवेना, म्हणून बाकीचेही राहिले. पण या पोरीनं काय केलं होतं?

त्यांनी बोंड कानात घातलं. वारा, मेंढ्या, मग सोनम –

"सर, पोर्टल उघडत न्हाई हितं, म्हणून बोलते. व्हिडिओत सांगितलंय, बांध घातला की पाणी मुरतं. आमच्या माळाला न्हाई मुरत. खाली कातळ हाय. आबा वरच्या अंगाला चर खणत्यात, तितं मुरतं..."

व्हिडिओ त्यांचाच होता. त्यात कातळाचं नाव नव्हतं. ते एकटेच हसले. पेपर तपासताना ते कुरकुरायचे, तेव्हा स्वयंपाकघरातून शिवांजलीची हाक यायची – आवं, पण पोराला कळलंय का, तेवढं बघा की.

सहावं उत्तर संपताना ती थांबली. "सर, तुमी ऐकताय न्हवं?"

त्यांनी सहा शून्यं खोडली. आराखड्यात लिहिलं – क्विझ पाच गुण; आपल्या गावातलं उत्तर, लिहून किंवा बोलून, आणि वर्गात त्यावर प्रश्न, पंधरा. मग फोन तोंडाशी धरला. "सोनम, सहाही ऐकली. उशीर माझा झाला. शनिवारी वर्गात तो चर फळ्यावर काढून दाखव."

यादीत खाली शिवांजलीचं नाव होतं. चौदा सेकंद. बोंड कानाला टोचत होतं... त्यांनी ते काढलं नाही.