दुसरा प्रश्न

धाकट्याचे दफन होऊन आठवडा उलटला, तरी आईला ते ठाऊक नव्हते. उंच टाक्या रंगवण्याचे त्याचे काम. कमरेचा पट्टा तुटला आणि तो खाली आला. आईचे हृदय थकलेले. तिला धक्का सोसणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून ताईने, घरातल्या थोरल्या मुलीने, धाकटा दूरच्या कामावर गेला आहे आणि तिथे फोन लागत नाही, अशी हकिगत रचली. शेजाऱ्यांनी ती पाठ केली. चर्चच्या पाळकांनी वेळ पाहून सांगण्याचा सल्ला देऊन दोन्ही डगरींवर पाय ठेवला.

उरला तो मधला भाऊ. तो लिफ्ट तपासनीस होता. भिंत सरळ आहे का ते दाखवणाऱ्या गवंड्याच्या दोरीवरून कचेरीत त्याला ‘ओळंबा’ म्हणत, आणि त्यात कौतुक कमीच असे. ब्रेक किंचित जरी घसरला, तरी तो लिफ्टला कुलूप लावी. त्याच्याच चर्चच्या मंडळीतल्या एका प्रतिष्ठित सभासदाच्या इमारतीतली लिफ्ट त्याने बंद केली, तेव्हापासून उपासनेनंतर हात मिळवताना ते गृहस्थ मुद्दाम धापा टाकत. त्याची धारणा साधी होती. रविवारी बाकावर बसून प्रभूचे म्हणवणे सोपे असते. सोमवारी बॅटरी घेऊन लिफ्टखालच्या अंधाऱ्या खड्ड्यात उतरल्यावर, वरून कोणी पाहत नसताना, त्या म्हणण्याचा कस लागतो.

तो आठवडाभर आईच्या खोलीत गेला नव्हता. कामाचा व्याप सांगत होता. व्याप खरोखरच होता, पण तेवढा नव्हता, आणि हेही त्याला टोचत होते.

शेवटी ताईने त्याला स्वयंपाकघरात गाठले. ती आईचा औषधाचा पेला विसळत होती. आई जेवत नाही, झोपत नाही, सारखी तुझेच नाव काढते, असे तिने सांगितले. मग नळ बंद करून म्हणाली, “तू कधी खोटं बोलत नाहीस, म्हणूनच तुझं खोटं चालेल. आमचं तिला पटेनासं झालंय.”

तिने विसळलेला पेला घेऊन तो पुसू लागला.

“तुझ्या सचोटीला दोन दिवस सुट्टी दे रे. इतकी वर्षं तिनं रजा तरी कुठे घेतली?”

तो खोलीत गेला तेव्हा त्याच्यापाशी एक वाक्य तयार होते. धाकटा प्रभूच्या हाती सुखरूप आहे, एवढेच म्हणायचे. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्याचा तसा विश्वासच होता. पण आईने त्यातून भलतेच समजावे, एवढ्यासाठीच ते वाक्य जुळवलेले होते. तडा गेलेल्या भागावर रंग फासून तो झाकणारे लोक त्याने जन्मभर पाहिले होते.

आईने त्याला पलंगाच्या कडेला बसवले आणि त्याचे मनगट धरले.

“बाकीचे माझ्याशी गोड बोलतात. तू सांग. धाकटा आहे का?”

“नाही, आई. गेला तो.”

तिचे डोळे मिटले. श्वास अडला, पुन्हा सुरू झाला. डॉक्टरांनी भीती घातली होती तसे काहीच घडले नाही. कसा, कुठे, हे तिने हळूहळू विचारले आणि त्याने सांगितले. धाकटा संध्याकाळपर्यंत जिवंत होता आणि आपण त्याच्या उशाशी होतो, हेही सांगितले. सत्य तिला पेलले, असे वाटून त्याचे खांदे सैल झाले.

तेव्हा तिने दुसरा प्रश्न विचारला.

“मला हाक मारली का रे त्यानं?”

या प्रश्नाची तयारी त्याने केलेली नव्हती. ‘हो’ म्हटल्याने कोणाचेही काही बिघडणार नव्हते. साक्षीला तो एकटाच होता.

“नाही,” तो म्हणाला. “पाणी मागत होता.”

आईने त्याचे मनगट सोडले. “ताईला पाठव,” ती म्हणाली.

त्यानंतर त्याने आईची कसलीही सेवा टाळली नाही. उशी सरळ करी, औषध पाजी, स्तोत्र वाची. ती मान डोलावी; पण त्याला काही विचारीत नसे. बाहेर ऊन आहे का, हेदेखील ती ताईलाच विचारी.

एका दुपारी तो दारात उभा असताना तिने ताईचा हात ओढून घेतला आणि धाकट्याने आपल्याला हाक मारली होती का, असे विचारले. ताईने वर पाहिले. भावाच्या नजरेला नजर भिडवून ती सावकाश म्हणाली, “हो, आई. सारखी तुलाच हाक मारत होता.”

“बरं,” आई म्हणाली.

तो जागचा हलला नाही. आता ती आपल्याकडे वळेल आणि पुन्हा विचारेल, अशी त्याला धास्ती वाटली. आणि या वेळी आपण काय उत्तर देऊ, हे त्याचे त्यालाच सांगता आले नसते.

आई वळली नाही. ताईने पांघरूण तिच्या खांद्यापर्यंत ओढले आणि तिला झोप लागली.