खरा आकडा

कसब्यातल्या दवाखान्यात तेवीस वर्षं बसून डॉ. दत्तप्रसाद यांना माणसांचा वीट आला होता. आजारांचा नव्हे, आजार बिचारे पुस्तकात लिहिल्यासारखे वागतात. किळस यायची ती निम्म्या गोळ्या शेजारणीला देणाऱ्यांची, बरं वाटलं म्हणून औषध सोडणाऱ्यांची आणि वर भोळा चेहरा करून 'रोज घेतो' म्हणणाऱ्यांची. शेवटी त्यांनी टेबलामागे पाटीच लावली: 'डॉक्टर आम्ही आहोत. आपल्या शंका घरी ठेवून याव्यात.' पेशंट वाचून हसायचे आणि मग गप्प बसायचे. डॉक्टरांना तेच हवं होतं.

बापूराव तांब्याची भांडी घडवायचे. वय सत्तरीला टेकलेलं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रेशर तपासायला यायचे आणि दर खेपेला ते एकशे नव्वदच्या घरात निघायचं.

"गोळ्या घेता?"

"रोज, डॉक्टरसाहेब."

खोटारडा लेकाचा, असं मनात म्हणत डॉक्टर डोस वाढवायचे. एकाच्या दोन गोळ्या झाल्या, दोनाच्या तीन. तिसऱ्या महिन्यात बापूराव चाचरत म्हणाले, "हल्ली हातोडा उचलला की डोळ्यांपुढे अंधारी येते."

"येणारच! प्रेशर बघा स्वतःचं. औषध म्हणजे प्रसाद नव्हे, आठवण झाली की जिभेवर ठेवायला." बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलले. म्हातारा मान खाली घालून गेला, याचं त्यांना बरंच वाटलं.

पंधरा दिवसांनी बापूरावांच्या पत्नी मुक्ताई धापा टाकत दवाखान्यात आल्या. बापूराव आठवड्यापूर्वी काम करता करता चक्कर येऊन पडले होते, उजवं मनगट मोडलं होतं आणि आज पुन्हा उभं राहवत नव्हतं. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून त्यांच्यामागून गल्लीतल्या घरी गेले. प्रेशर मोजलं, तर नव्वदच्याही खाली. त्यांनी दुसऱ्यांदा मोजलं. आकडा तोच होता. म्हणजे म्हातारा गोळ्या खरंच घेत होता.

"मग माझ्याकडे येता तेव्हा एवढं वाढलेलं कसं असतं?"

"तेव्हा गोळी कुठे घेतलेली असते? दोन दिवस आधीपासून बंद ठेवतो की." बापूरावांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "अहो, गळकं भांडं दुरुस्तीला आणताना कुणी भोक मेणानं बुजवून आणलं, तर मला राग येतो. तुम्हाला खरा आकडा दिसायला नको? गोळी खाऊन तपासायला येणं म्हणजे फसवणूकच."

"मला सांगायचंत तरी!"

"ती पाटी आहे ना तुमची," मुक्ताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तीनच्या जागी एक गोळी लिहून दिली आणि या वेळी तपासणीच्या दिवशीही घ्यायची, हे दोनदा बजावलं. ते उठले तेव्हा बापूरावांनी प्लास्टरमधला हात किंचित उचलला.

"हाडांचे डॉक्टर म्हणतात, पूर्वीसारखी पकड येणार नाही. तुम्ही काय म्हणता?"

डॉक्टर बॅग उचलून दाराकडे वळले. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी जपून ठेवलेली किळस आता त्यांना स्वतःचीच आली होती. या सरळ माणसाला आपण चारचौघांत खोटं पाडलं, आणि खोटं पाडून विष पाजावं तशा गोळ्या वाढवल्या.

दवाखान्यात परतल्यावर समोर जयाबाई येऊन बसल्या. निवृत्त शिक्षिका, सहा वर्षांच्या जुन्या पेशंट, चार गोळ्यांवर आलेल्या. प्रेशर एकशे पंच्याऐंशी. डॉक्टरांचा हात सवयीनं पेनाकडे गेला आणि थांबला.

"जयाबाई, आज गोळी घेतलीत?"

"आज?" बाई दचकल्या. त्यांनी एकदा पाटीकडे पाहिलं. "आज कशी घेईन, डॉक्टर? आज तपासणी आहे ना."

डॉक्टरांनी दाराबाहेर नजर टाकली. बाकावर नऊ जण बसले होते. सगळे प्रेशरचे.