ऑस्बर्टचा शंख

मी एक जुना शंख आहे. मित्रांनो, तुमच्याकडे शंख देवघरात असतो. त्याला गंध-फूल मिळते, आरतीच्या वेळी मान मिळतो. माझ्या नशिबी देव नव्हता, मासे होते. सध्या मी कॅरिबियन समुद्रातल्या एका लहान बेटावर, बोटीच्या धक्क्यावरच्या चौकीत, टेबलाखालच्या खोक्यात पडलो आहे. माझ्या पाठीवर निळ्या रंगात ‘सुस्वागतम’ अशा अर्थाचे काहीतरी लिहिलेले आहे. ते लिहिताना मला कुणी विचारले नव्हते.

माझा जन्म समुद्राच्या तळाशी, गवतात झाला. माझ्यात एक जीव राहत असे. तो एके दिवशी ऑस्बर्ट नावाच्या मच्छीमाराच्या पातेल्यात गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या घरी तो बोटे चाटून खाल्ला गेला. रिकाम्या शंखांचे आमच्या बेटावर फार काही होत नाही. कुणी त्यांचा बागेला कठडा करते, कुणी थडग्याभोवती मांडते. मला मात्र ऑस्बर्टने उचलले, टोक करवतीने कापले, दगडावर घासून गुळगुळीत केले आणि ओठांना लावले. माझा पहिला आवाज ऐकून परसातल्या कोंबड्या पळाल्या. शेजारची युलाली, तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आली होती, खिडकीतून डोकावली.

“अहो कॅप्टन, गाढव पाळलंत की काय?”

“गाढव नाही गं. ह्याचा आवाज ऐकलास की टोपली घेऊन पळत यायचं, खिडकीत उभं राहून थट्टा नाही करायची!”

तेव्हापासून मी पेटी साब्ल गावाची हाक झालो. आमच्या किनाऱ्यावर रापण लावत, म्हणजे लांबलचक जाळे होडीतून माशांभोवती फिरवायचे आणि त्याची दोन्ही टोके वाळूवरून ओढायची. जाळे ऑस्बर्टचे, होडी ऑस्बर्टची, पण ओढायला अख्खा गाव लागे. म्हणून मासे जाळ्यात आले की ऑस्बर्ट मला फुंकत असे. माझी हाक ऐकून जो येईल, दोराला हात लावेल, त्याचा वाटा ठरलेला. म्हातारा असो, लंगडा असो, कालच भांडलेला असो. डोंगरउतारावरच्या घरांतून माणसे धावत उतरायची, चुलीवरचे तसेच टाकून. युलाली बहुतेक सगळ्यांच्या पुढे असायची. तिची पत्र्याची थाळी दुरूनच वाजायची आणि मला ती ओळखू यायची.

ऑस्बर्ट फार सावध माणूस होता. टेकडीवरून कुणी “आले, आले!” म्हणून ओरडले तरी तो मला हात लावत नसे. जाळे माशांभोवती पुरते फिरले की मगच फुंकायचा. एकदा तरीही घोटाळा झाला. त्याने मला फुंकले, गाव गोळा झाला, सगळ्यांनी जीव काढून ओढले आणि वर आले ते खडकावर फाटलेले रिकामे जाळे. लोक हसत हसत परत गेले. पण दुसऱ्या दिवशी ऑस्बर्टने आपल्या झाडाचे नीरफणस काढले आणि काल जो जो आला होता त्याच्या दारात एकेक ठेवून आला.

“कॅप्टन, हे कशाला? जाळं फाटलं त्यात तुमचा काय दोष?” युलाली म्हणाली.

“हाक मी मारली होती ना? मग हात रिकामे कसे पाठवू?”

मित्रांनो, मी तेव्हा खांद्यावरच्या पिशवीत होतो. मला इतका अभिमान वाटला की विचारू नका. माझ्या ओठाच्या आतल्या बाजूला ऑस्बर्टच्या अंगठ्याने एक खळगा पडला होता. मला धरताना त्याचा अंगठा आपोआप त्यात बसे. तो खळगा मी दागिन्यासारखा मिरवत असे.

ऑस्बर्ट थकला, त्याचा दम संपला, तेव्हा त्याने मला मुलाच्या, लेनॉक्सच्या, हातात दिले. “मासे असतील तरच फुंक,” एवढेच तो म्हणाला. लेनॉक्सने मान हलवली. ती मान हलताना मी पाहिली आहे, म्हणून तर माझ्या मनातून ती जात नाही.

लेनॉक्स मुळात वाईट नव्हता. बाप गेल्यावर एका वादळात घराचे छप्पर उडाले, मासेही पहिल्यासारखे येईनासे झाले. त्याच सुमारास पर्यटकांची मोठी पांढरी बोट आमच्या उपसागरात नांगर टाकू लागली. दर गुरुवारी लहान होड्यांतून माणसे धक्क्यावर उतरत. बेटावर पाहण्यासारखे काय, असे ती विचारत. काय दाखवणार? एक चर्च, एक धबधबा, तोही उन्हाळ्यात नळासारखा. मग बोटीच्या सहली ठरवणारा एक टोपीवाला लेनॉक्सकडे आला. त्याला कुणीतरी रापणीबद्दल सांगितले होते.

“आमच्या पाहुण्यांना जाळं ओढू द्या. तो शंखही वाजवा. लोकांना फार आवडेल.”

“पण गुरुवारीच मासे येतील असं कुठंय?” लेनॉक्सने विचारले.

“ते तुम्ही बघा,” टोपीवाला म्हणाला.

लेनॉक्सने बघितले. आदल्या दिवशी त्याने शीतगृहातून मासे विकत आणले आणि पहाटे जाळ्यात सोडले. नंतर त्याने मला चकचकीत रोगण लावले, निळ्या रंगाने माझ्या पाठीवर लिहिले, आणि पाहुणे वाळूवर जमताच मला ओठांना लावले. मी वाजलो. काय करणार? शंखाला नाही म्हणता येत नाही.

आणि डोंगरावरून थाळ्या वाजू लागल्या.

सगळे आले. युलाली आता म्हातारी झाली होती, सगळा गाव तिला टँटी म्हणू लागला होता, म्हणजे मावशीच. ती धापा टाकत वाळूवर आली तर मध्ये दोरी बांधलेली. पलीकडे गोऱ्या पायांची रांग, रंगीत टोप्या, सगळ्यांच्या हातात आमच्या जाळ्याचा दोर.

“टँटी, आज नको. आज बोटीचे लोक ओढणार आहेत,” लेनॉक्स हळूच म्हणाला. “तुमचं उद्या.”

“उद्या मासे येणार आहेत का? विचारलंस त्यांना?”

“टँटी, पाहुण्यांसमोर तमाशा नको गं.”

“मला हाक कुणी मारली? मी काय घरी बसल्या बसल्या स्वप्न पाहिलं?”

टँटी युलाली रिकामी थाळी काखेत मारून वर निघून गेली. मी लेनॉक्सच्या हातात होतो, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पाहुण्यांवर माझा राग नाही. त्यांतली एक जाडजूड बाई, खांदे उन्हाने लाल झालेले, तिने दोर अगदी मनापासून ओढला. जाळे वर आले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते. मग तिने खाली वाकून पाहिले.

“हे हलत का नाहीत?”

“थकलेत बाईसाहेब, फार लांबून पोहत आलेत,” लेनॉक्स म्हणाला. सगळे हसले. तीही हसली, आणि तिने आणखी एक फोटो काढला.

त्यानंतर दर गुरुवारी मी खोटे बोललो. सुरुवातीला गावातली काही माणसे उतरत, दोरीपाशी थबकत आणि परत जात. मग ती अर्ध्या वाटेवरून परतू लागली. मग कुणी घराबाहेर येईना. एखाद्या दिवशी खरेच मासे आले तरी लेनॉक्स त्यांना सोडून देई, कारण ती पाहुण्यांची वेळ नव्हती आणि गावाच्या वाट्याचे मासे देऊन त्याला काय मिळणार होते? मी रात्रंदिवस त्याच्या खुंटीला टांगलेला असे. एकदा त्याच्या बायकोने विचारले, “बाबांना काय वाटलं असतं?” तर तो म्हणाला, “बाबांच्या शंखानं छप्पर घातलं असतं का?” छप्पर माझ्याच जिवावर उभे राहिले होते, आणि आता मलाच टोमणे.

पुढे बोट येईनाशी झाली. तिच्या मालकांनी म्हणे दूरवर एक अख्खे निर्जन बेट घेतले होते. तिथे वाळू त्यांची, खुर्च्या त्यांच्या, शंखसुद्धा त्यांचेच असतील. आमच्या समोरून ती पांढरी बोट आता नुसती जायची. लेनॉक्स धक्क्यावर उभा राहून बघायचा. टोपीवाल्याने त्याला निरोपसुद्धा धाडला नाही. मला वाईट वाटले असते, पण त्याला कळावे असेही वाटत होते की विश्वासघात म्हणजे काय.

आणि एका सकाळी मासे आले. जॅक मासे, बांगड्यासारखे रुपेरी, इतके की उपसागराचा एक कोपरा काळा दिसत होता. ऑस्बर्टच्या काळातही असा थवा क्वचितच आला असेल. लेनॉक्सच्या अंगात बापाचे रक्त सळसळले. त्याने होडी घातली, जाळे पुरते फिरवले आणि किनाऱ्यावर येऊन मला फुंकले. मित्रांनो, त्या दिवशी मी जसा वाजलो तसा जन्मात वाजलो नव्हतो. माझ्यात एक कणभरही खोटे नव्हते. या, या, वाटा आहे, सगळ्यांना आहे, असे मी ओरडत होतो.

डोंगरावर एक दार उघडले. कुणीतरी म्हणाले, “सुरू झाली लेनॉक्सची सर्कस.”

“पण आज बोट कुठे दिसते?”

“येईल मागून. तू तुझी भाकर बघ.”

दार लागले. लेनॉक्सने मला पुन्हा पुन्हा फुंकले. फोन लावले, पण त्याचे नाव पाहून कुणी ते उचलले नाहीत. त्याचे होडीतले सोबती आणि तो, एवढेच जण दोराला लटकले होते. जाळे इंचभर सरकत नव्हते आणि ओहोटी त्याला बाहेर खेचत होती.

थाळी वाजली नाही, पण टँटी युलाली आली. थाळी न घेताच आली होती. आजही खोटेच असेल तर लेनॉक्सच्या तोंडावर चार शब्द सुनावायचे म्हणून आली होती, हे ती स्वतःच म्हणाली. तिने पाणी पाहिले आणि तिचे तोंड उघडेच राहिले.

“अरे, हे तर खरे आहेत!” ती डोंगराकडे वळून ओरडली. “या रे! खरे आहेत! अरे, या!”

तिचा आवाज पहिल्या घरापर्यंतही पोचला नाही. मग तिने दोर धरला. हातांची सालटी निघेपर्यंत धरला. शेवटी जाळे फाटू लागले तेव्हा लेनॉक्सने सुरीने दोर कापला आणि मासे आले तसे निघून गेले. सगळे वाळूवर बसले. लेनॉक्सने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता तरी हा माणूस मान खाली घालेल.

“ह्याचा आवाजच गेलाय,” तो म्हणाला.

“आवाज होता तसाच आहे,” टँटी म्हणाली.

त्या मोसमात एक चुकार लहान बोट आली. लेनॉक्सने मला तिच्यातल्या एका प्रवाशाला विकले. बेटावरून शंख बाहेर न्यायला परवाना लागतो, धक्क्यावर तपासणी होते, हे लेनॉक्सला पाठ होते. त्याने त्या भल्या माणसाला ते सांगितले नाही. धक्क्यावर तपासणी करणाऱ्या फिट्झरॉयने मला पिशवीतून काढले आणि या खोक्यात टाकले. प्रवाशाने खांदे उडवले आणि तो बोटीत चढला. ऑस्बर्टच्या मुलाने मला असे टाकले. खोक्यात इतर शंख आहेत, पण ते कधी वाजलेले नाहीत. त्यांच्याशी काय बोलणार?

काल टँटी युलाली चौकीत आली. गावाने नवे जाळे जोडले आहे, सगळ्यांनी मिळून, त्यात लेनॉक्सही आहे. नव्या जाळ्याला नवा शंख हवा होता.

“खोकं भरलंय, हवा तो घे,” फिट्झरॉय म्हणाला. मग त्याने मलाच वर काढले. “हा बघ टँटी, कापलेला, आयता. रंग तेवढा खरवडला की झालं.”

टँटीने मला हातात घेतले. तिचा अंगठा सरळ त्या खळग्यात जाऊन बसला. तिने मला तोंडाजवळ नेले, तिच्या श्वासाची ऊब माझ्या कापलेल्या टोकाला लागली. मी वाट पाहत होतो. फुंक ना, टँटी. तुला तर माहीत आहे.

“हा ऑस्बर्टचा होता ना गं? तोच वाटतो,” फिट्झरॉय म्हणाला.

टँटीने मला हळूच खोक्यात परत ठेवले.

“ऑस्बर्टचा शंख कधी खोटं बोलला नाही,” ती म्हणाली. “हा दुसरा कुठला तरी असेल.”

आणि तिने माझ्या शेजारचा एक लहान, कोरा शंख उचलला.

आज सकाळी तो वाजला. आवाज अजून कच्चा आहे, वासरासारखा फाटतो. पण चौकीच्या बाजूने पावले धावत गेली, खूप पावले, आणि त्यांत एक पत्र्याची थाळीही वाजत होती. मित्रांनो, मला त्या शंखाचा हेवा वाटत नाही, असे मी म्हणणार नाही. तुम्ही कधी आमच्या बंदरावर उतरलात तर आठवण म्हणून शंख नेऊ नका, आणि कुणाची हाक तुमच्या हाती आली तर ती उगाच वाजवू नका. आम्हाला स्वतःचा श्वास नसतो. फुंकणारा उद्या नव्या जाळ्याला हात लावायला मोकळा होतो, बोल मात्र शंखाला लागतो.