जर्नलातला चाळीस

जर्नल उतरवणं चूक आहे, असं आपल्यापैकी किती जणांना मनापासून वाटतं? सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीला तर तो आपला हक्कच वाटायचा. घरात सगळे तिला कौतुकाने इंजिनिअरबाई म्हणत. पाणी शुद्धीकरणाच्या विषयात तिला एक प्रयोग होता. सहा बरण्यांत गढूळ पाणी घ्यायचं, प्रत्येकीत तुरटीचं माप वाढवत न्यायचं, ढवळायचं आणि कुठल्या बरणीतला गाळ नीट बसतो ते पाहायचं. उत्तर होतं चाळीस, म्हणजे लिटरभर पाण्याला चाळीस मिलिग्रॅम तुरटी. वरच्या वर्गाच्या जर्नलात चाळीस होतं, त्यांच्या आधीच्यांच्या जर्नलातही चाळीसच. बरण्या मात्र कपाटात कुलूपबंद!

सुट्टीत ती शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात शिकायला गेली. तिथे तुरटीची टाकी सांभाळणारे एक जुने कामगार होते, सगळ्यांचे तुरटीकाका. तिसऱ्या दिवशी केंद्राच्या केमिस्ट मॅडम रजेवर गेल्या आणि रोज सकाळची तीच सहा बरण्यांची चाचणी त्यांनी हिच्यावर सोपवली. इंजिनिअरबाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. आईला फोन करून झाला, ताईलाही.

दुसऱ्या दिवशी मात्र तिला पोहोचायला उशीर झाला. त्यात वरच्या धरणाचा तळाचा दरवाजा उघडलेला, त्यामुळे येणारं पाणी विटकरी झालं होतं. चाचणीला चांगला तासभर लागतो, आणि उत्तर तर तोंडपाठ! तिने कागदावर चाळीस लिहिलं आणि काकांच्या हातात दिलं.

कॉलेजात असा कागद दिला की सर सही करून तो गठ्ठ्यात टाकत. काकांनी चष्मा पुसला, आकडा दोनदा वाचला आणि ते उठून चालू लागले. थेट तुरटीच्या नळाकडे!

तिचा आकडा घेऊन कुणी खरोखर काही करायला निघालं होतं, आयुष्यात पहिल्यांदाच. हेच पाणी ताईच्या घरी जात होतं, आणि ताईचं बाळ जेमतेम सात महिन्यांचं. ती धावत सुटली.

"काका, थांबा! मी चाचणी केलीच नाही."

काका वळले. "मग चाळीस कुठून आणलंस?"

"जर्नलमधून."

"जर्नलने आजचं पाणी बघितलंय का?"

काकांनी आधी बाहेरून येणारं पाणी बंद केलं. साफ पाण्याच्या टाकीत दोन तास पुरेल एवढा साठा होता. मग ते तिच्याशी शांतपणे बोलले.

"गढूळ पाण्यात नुसतं जंतू मारायचं औषध टाकून भागत नाही, पोरी. गाळाच्या आड जंतू लपून बसतात. मला तुझ्याएवढं शिकायला मिळालं नाही, म्हणून तू दिलेला आकडा मी खरा धरतो. अख्खं गाव खरा धरतं. नळ उघडताना कुणी तुझे मार्क विचारत नाही."

मग तिने बाह्या सरसावल्या. सहा बरण्या भरल्या, मापं घातली, ढवळणी सुरू केली. आणि काय सांगावं! त्या विटकरी पाण्यात बारीक कण दिसू लागले, कण एकमेकांना चिकटून पुंजके झाले, पुंजके जड होऊन सावकाश खाली बसू लागले. पुस्तकात चार वेळा वाचलेलं तिच्या डोळ्यांदेखत घडत होतं. ती टेबलाला नाक लावून बसली, चहा गार झाला तरी तिला पत्ता नव्हता. शेवटी चाळीसच्या बरणीत पाणी ढगाळच राहिलं, आणि साठच्या बरणीतून पलीकडचे काका स्पष्ट दिसले, हसताना!

नळ त्या दिवशी तिनेच साठवर लावला. बाळ आज हे पाणी पिणार, या विचाराने तिचे डोळे भरून आले, आणि थोडी लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी ती तासभर आधी हजर झाली. पाणी जरा निवळलं होतं, उत्तर आलं पन्नास. साठ नाही, चाळीस तर नाहीच! कालचा मोजलेला आकडाही एका दिवसातच शिळा झाला होता.

मंडळी, आपल्या सगळ्यांच्याच कामात न बघता लिहिलेला एखादा आकडा असतो, न वाचता केलेली एखादी सही असते. असा कागद गठ्ठ्यात जात नाही, तो कुणाच्या तरी पेल्यात उतरतो. तेव्हा आधी पाणी बघा, मग आकडा लिहा.